लाल पट्टीचा पुठ्ठा

रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ती फायलींच्या माना कापायला बसायची.

वीस फायलींचा गठ्ठा उचलायचा, शिवलेली कड पात्याखाली सरकवायची, डोळे मिटायचे आणि दांडा खाली ओढायचा. खच्च! दोरे तुटायचे, पुठ्ठे सुटायचे, आणि वीस मुलांचे ताप, टाके, मोडलेली हाडं टेबलावर मोकळी पडायची.

"अगं, डोळे मिटून कापतेस?" समोर बसलेले दाभणकाका म्हणायचे. "बोटं गेली तर निदान गेलेली बघशील तरी!"

"नको काका, न बघितलेलंच बरं."

मुलांच्या दवाखान्याची ही रेकॉर्डची खोली. एका भिंतीला छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यात सतरा वर्षांच्या फायली. दुसऱ्या भिंतीला दोन संगणक आणि कागद गिळणारा स्कॅनर. तिसऱ्या भिंतीत काचेची खिडकी, आणि खिडकीपलीकडे कायम कुणीतरी रडणारं मूल कडेवर घेऊन उभं. दाभणकाका सतरा वर्षं इथे फायली शिवत होते. वीतभर लांबीचं, लाकडी मुठीचं दाभण आणि मेण लावलेला दोरा. तीन भोकं, एक गाठ, की फाइल जन्माची बांधली जायची. आता त्यांनी शिवलेलं उसवायला ही मुलगी आली होती. पण दोघांचं जमलं. फायलींतल्या पिना उपटून उपटून तिच्या नखांची पार वाट लागली होती, अंगानेही काडीच. काकांनी तिचं नाव टाचणी पाडलं आणि आठवड्याभरात ते सगळ्या दवाखान्याच्या तोंडी बसलं. साहेबसुद्धा "टाचणीबाई" म्हणून हाक मारायचे आणि मग जीभ चावायचे.

टाचणी मुळातच धास्तावलेला जीव. तीन वर्षांच्या चिमणीला पाळणाघरात सोडलं की फाटकाची कडी दोनदा हलवून बघायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा परत यायची, तिसऱ्यांदा हलवायची. घरी निजलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "त्या पोरीला झोपू देतेस, आता त्या कडीलाही जरा झोपू दे."

अशा बाईच्या हातून जे झालं ते निष्काळजीपणाने झालं नाही. हुशारीने झालं.

त्याचं असं झालं. फायलीचा पुठ्ठा हा मोठा आडमुठा प्रकार. स्कॅनरच्या तोंडात दिला की घास अडकल्यासारखं मशीन खोकायचं, लाल दिवा लावून बसायचं, आणि तो पुठ्ठा चिमट्याने ओढून काढण्यात दहा मिनिटं जायची. दिवसाला दोनशे फायली संपायला हव्या होत्या. मग टाचणीने डोकं चालवलं. पुठ्ठ्यावर असतं काय? मुलाचं नाव आणि फायलीचा नंबर. ते दोन्ही संगणकात आधीच आहे. तेव्हा पुठ्ठे स्कॅन करायचेच नाहीत. सुटले की बांधायचे आणि तळघरात टाकायचे. साहेब खूश झाले. बैठकीत चारचौघांसमोर म्हणाले, "शिकलेलं माणूस असं कामाला येतं."

"पुठ्ठा वाचून बाजूला टाक हं," काका त्या दिवशी म्हणाले होते.

"हो काका," ती म्हणाली होती. पण पुठ्ठे पडायचे वीस-वीसच्या थप्पीने, तेही पालथे. कोण उलटून बघतंय!

आधीची पद्धत वेगळी होती. कुणाला प्रत हवी असली की काका मांडणीवरून फाइल काढून खिडकीत आणून ठेवत. पहिला दिसायचा तो पुठ्ठा, मग आतलं पान. आता खिडकीतला माणूस संगणकावर नंबर टाकायचा आणि थेट आतलं पान समोर यायचं. पुठ्ठा मध्ये लागायचाच नाही. जुनं सगळं संगणकात, नवे कागद अजून फायलीत, काही गोष्टी दोन्हीकडे, काही कुठेच नाहीत. "दोन घरचा पाहुणा उपाशी," काका पुटपुटायचे. टाचणीला वाटायचं, दोन महिन्यांनी निवृत्त होणारं माणूस असंच बोलणार.

त्या दिवशी दुपारी खिडकीवरच्या मावशी डबा खायला गेल्या आणि नेहमीसारखी त्यांच्या जागी टाचणी बसली.

"नमस्कार ताई. ऐन जेवणाच्या वेळेला त्रास देतोय."

पस्तिशीचा माणूस. शर्टाला कडक इस्त्री, दाढी घोटलेली, बोलणं कसं लोण्यासारखं. खांद्यावरची कापडी पिशवी त्याने फळीवर ठेवली, तेव्हा आत काहीतरी जड ठण्णकन वाजलं.

"मुलीला शाळेत घालायचंय. लसींची नोंद मागतायत. घर बदलताना आमचं कार्ड हरवलं. काय सांगू, हिच्या एकेक वस्तूचा पत्ता नाही."

त्याने मुलीचा जन्मदाखला दिला, स्वतःचं ओळखपत्र दिलं. बापाच्या नावाशी नाव जुळत होतं. टाचणीने नाव टाकलं, नोंद उघडली. फाइल क्रमांक चार हजार सहाशे बारा. वर हिरवी खूण: संपूर्ण. तिनेच केलेली.

"ही तुमची का?" तो संगणकाच्या कडेला चिकटवलेल्या चिमणीच्या फोटोकडे बघत होता. "डोळे तुमच्यावर गेलेत."

"सगळे म्हणतात."

"जपा हो. मुलगी लांब असली ना, की जीव नुसता टांगणीला लागतो."

टाचणीला तो माणूस आवडला. आजवर तिच्या काळजीला सगळे हसले होते. हा पहिला, ज्याने ती न सांगता ओळखली. तिने दोन पानं छापली: पहिल्यावर नाव, आई-बाप, पत्ता, दुसऱ्यावर लसी. दोन्हीवर शिक्का मारला. त्याने पहिलं पान उचललं आणि ओळींवरून बोट फिरवलं. बोटाच्या सांध्यांवर जुन्या जखमांचे पांढरे वण होते. बोट एका ओळीवर थांबलं. ओठ हलले, मुलं धडा पाठ करताना हलतात तसे.

"तुमचे उपकार कधी विसरणार नाही, ताई," तो म्हणाला. पान घडी करून खिशात घातलं, पिशवी उचलली आणि गेला.

पुढच्या माणसाचा कागद घ्यायला टाचणीने हात पुढे केला, तेव्हा तिच्या बोटांना फळीवर पडलेलं पान लागलं. लसींचं पान. ज्याच्यासाठी तो आला होता तेच तो ठेवून गेला होता.

विसरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ते पान तिने उचलून हातात घेतलं. खिडकी बंद करून ती तशीच आत धावली.

"काका, चार हजार सहाशे बारा."

काकांना फायलींचे नंबर पाढ्यांसारखे पाठ होते. चहाचा पेला त्यांच्या ओठांशी थांबला. "त्याचं काय?"

"बापाला प्रत दिली."

"कुठल्या बापाला? त्या पुठ्ठ्यावर लाल पट्टी आहे! माझ्या या हातांनी चिकटवलीय. 'बापाला पत्ता देऊ नये, जिवाला धोका.' खाली मोठ्या डॉक्टरांची सही आहे!" पेला त्यांनी ठेवला नाही, तो सुटलाच, चहा फायलींवर पसरला आणि काकांनी पहिल्यांदाच पुसला नाही. "अगं, त्या पोरीच्या आईचा जबडा तारेने बांधला होता तेव्हा. हातोड्याने फोडला होता त्याने. बोलता येईना, म्हणून कागदावर लिहून दाखवलं बिचारीने सगळं. पोरीचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. दमेकरी पोर ती, दर महिन्याला औषधाला येते म्हणून तर नवा पत्ता आपल्याकडे. नर्सशिवाय कुणालाही कळायचा नव्हता तो."

हातोडा. फळीवर ठण्णकन वाजलेली पिशवी टाचणीच्या कानात पुन्हा वाजली.

तिने नोंदीतला नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साहेब दारात आले, ऐकलं, पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "आधी तळघरातून तो पुठ्ठा काढा. खात्री करा. उगाच आपल्याच अंगाशी—"

"साहेब, पुठ्ठा कुठे पळून जात नाही," काका म्हणाले आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली ओढली. "चल गं."

निघताना तिने टेबलावरून काय उचललं ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. स्कूटरवर बसून पोलिसांना फोन लावताना कळलं, की डाव्या मुठीत चुरगळलेलं लसींचं पान आहे आणि फोन धरलेल्या हाताच्या बाहीत काकांचं दाभण.

"पत्ता सांगा," पलीकडचा आवाज म्हणाला.

तिने सांगितला. एका तासात दुसऱ्यांदा.

"गाडी पाठवतो. तुम्ही जाऊ नका तिथे."

"बरं," टाचणी म्हणाली, आणि काकांच्या पाठीत बुक्की मारली. "काका, जोरात!"

इमारत तीन मजली, जिना बाहेरून. तळाशी कपडे धुण्याचं दुकान. आत चार मोठी मशीनं अशी घरघरत होती, की वर कुणाचा गळा कापला असता तरी खाली ऐकू आलं नसतं. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर काकांचा श्वास संपला. ते कठड्याला धरून खाली बसले आणि हाताने तिला वर ढकललं. "तू हो पुढे. मी आलोच."

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं नव्हतं. ते फोडलेलं होतं. कडीच्या जागी मुठीएवढं भोक, भोकाभोवती लाकडाचे दात. टाचणीच्या मनात एकच विचार आला, आणि तो इतका मूर्ख होता की तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली: या बाईने कडी लावली होती. नक्की दोनदा हलवून बघितली होती.

आत इस्त्रीचं टेबल उलटं पडलं होतं. खालच्या दुकानाच्या चादरींची थप्पी सगळ्या खोलीभर पसरली होती, आणि पांढऱ्याशुभ्र चादरींवर लाल ठसे उठले होते: एक तळहात, एक टाच, एक लांबच लांब ओघळ. जमिनीवर बाई पडली होती. तिचा जबडा एका बाजूला घसरला होता, माणसाचा जबडा जिथे असूच शकत नाही तिथे. तोंडातून आवाज येत नव्हता, फक्त रक्ताचे बुडबुडे. तरी तिने दोन्ही हातांनी नवऱ्याचा पाय कवटाळून धरला होता, आणि तो माणूस त्या पायासकट तिला ओढत न्हाणीघराच्या दाराशी पोचला होता. धाड! हातोडा दारावर पडला. आतून खोकल्याची उबळ आली, बारीक, शिट्टीसारखी. मग पुन्हा धाड!

"बाहेर ये, बाहुली," तो म्हणत होता. अगदी खिडकीतल्याच आवाजात. "बाबा आलाय ना."

त्याने मोकळा पाय उचलला आणि बाईच्या हातावर टाच मारली. एकदा. दोनदा. बोटं मोडल्याचा आवाज टाचणीने ऐकला. कोरड्या काडक्या मोडाव्यात तसा. तरी तिसऱ्या लाथेलाही बाईने पाय सोडला नाही.

टाचणीला ओरडायचं होतं. पण जे तोंडातून निघालं, ते खिडकीवर बसून बसून जिभेला वळण पडलेलंच वाक्य होतं.

"एक पान राहिलं तुमचं."

तो वळला. चेहऱ्यावर रक्ताचे शिंतोडे. ओळख पटली तसा तो चक्क हसला. "अहो ताई! तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

तिने डावा हात पुढे केला.  "लसींचं. शाळेत लागेल."

काही सवयी मेल्याशिवाय सुटत नाहीत. कुणी कागद पुढे केला की हात आपोआप पुढे येतो. रांगांमध्ये उभं राहून राहून सगळ्यांचाच येतो. उजव्या हातात हातोडा होता, म्हणून त्याने डावा तळवा पुढे केला. टाचणीने पान त्याच्यावर ठेवलं.

या खेपेला तिने डोळे मिटले नाहीत. सतरा वर्षं पुठ्ठ्यांतून आरपार गेलेलं दाभण तिने बाहीतून काढलं आणि सगळ्या अंगाचा भार टाकून खुपसलं. आधी कागद, मग कातडं, मग काहीतरी कडक, ज्यावरून टोक घसरलं आणि पलीकडून बाहेर आलं.

तो किंचाळला नाही लगेच. आधी त्याने हाताकडे बघितलं. तळव्याला शिवलेलं ते पान, त्यावर पसरत जाणारा डाग. मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो जनावराचा होता. हातोडा आडवा फिरला. टाचणीने डोकं वाचवायला डावा हात मध्ये घातला, आणि कोपराखालचं हाड कडकन मोडलं. दुखलं नाही, नुसतं पांढरं झालं सगळं. पुढच्या क्षणी ती चादरींवर पडलेली होती आणि हातोडा पुन्हा वर गेलेला होता.

तेवढ्यात दारातून काका आले. आले म्हणजे कोसळलेच, डोकं खाली घालून, धापा टाकत, म्हाताऱ्या रेड्यासारखे. त्यांच्या धडकेने तो दोन पावलं मागे गेला. मग हातोडा धरलेल्याच मुठीने त्याने त्यांची कॉलर पकडली आणि त्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. काका "अगं आई" म्हणाले आणि चौकटीला धरून हळूहळू खाली सरकले. लाकडावर ओली रेघ उमटली.

पण त्या दोन पावलांनी जे व्हायचं ते झालं. तो मागे गेला तेव्हा बाईच्या हातातून त्याचा पाय सुटला, आणि उलट्या टेबलाखाली पडलेली इस्त्री तिच्या हाताला लागली. वायर अजून भिंतीत होती. बाई गुडघ्यांवर उठली. तिची उजवी बोटं मोडली होती, म्हणून तिने मूठ डाव्या हातात धरली, आणि इस्त्रीचं तापलेलं टोक त्याच्या मानेवर दाबलं.

चर्र झालं. खोलीत जळक्या मांसाचा वास भरला. हातोडा पडला, मागोमाग तो पडला. बाईने इस्त्री उचलून त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. तो हात वर करायला लागला तर त्या हातावर, त्या शिवलेल्या पानावर मारली. वायर उपटली गेली, तरी ती मारतच राहिली. आवाज आधी टणक येत होता, मग मऊ यायला लागला. त्याच्या नाकाचं नाक राहिलं नाही. टाचणी बघत होती, आणि तिला थांबवावंसं वाटत नव्हतं. मार, ती मनात म्हणत होती. मार, मार, संपव.

न्हाणीघरातून शिट्टी आली. बारीक. मग अर्धीच.

"ताई," टाचणी म्हणाली. "पोर आत आहे. ऐकतेय ती."

इस्त्री वरच्या वर थांबली.

"तिला दम्याचा झटका आलाय. पंप कुठे आहे? निळा पंप, दोन वेळा दाबायचा." हे तिला माहीत होतं, तिनेच तर ते पान स्कॅन केलं होतं.

बाईने डोळ्यांनी फडताळाकडे खूण केली. इस्त्री ठेवली. गुडघ्यांवर सरपटत दाराशी गेली आणि नखाने तीन टिचक्या मारल्या, थांबली, मग चौथी. आतून कडी सरकली. पाच वर्षांची एक पोर बाहेर आली, ओठ निळे पडलेले, आणि आईच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या छातीत घुसली. टाचणीने एका हाताने पंप तिच्या तोंडाला लावला. एक. दोन. शिट्टी हळूहळू खाली उतरली. खालची मशीनं तशीच घरघरत होती. पोलिसांचे बूट जिन्यावर वाजायला लागले, तेव्हा काका चौकटीपाशी बसल्याबसल्या म्हणाले, "आले. निमंत्रण पोचलं वाटतं."

तो माणूस मेला नाही. पोलिसांच्या पहाऱ्यात वेगळ्या दवाखान्यात गेला, एका डोळ्याने.

बाई, टाचणी आणि काका मोठ्यांच्या दवाखान्यात एकाच खोलीत आले. काकांच्या डोक्याला अकरा टाके पडले. ("अकरा? आणि गाठ एकच? मी असतो तर नीट शिवलं असतं.") टाचणीचा हात फळीला बांधला होता. साहेब धावतपळत आले, तिला बाजूला घेऊन कानाशी लागले. "कुणी विचारलं तर संगणकाकडून पत्ता गेला म्हणायचं. खोटंही नाही ते. तुमचं नाव मध्ये आणायचं कारण नाही."

 टाचणीला चिमणी आठवत होती, नोकरी आठवत होती, घराचा हप्ता आठवत होता.

पलीकडच्या खाटेवर बाईला शस्त्रक्रियेसाठी न्यायची तयारी चालली होती. तिने डाव्या हाताने नर्सकडून कागद मागितला, पेन मागितलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि कागद टाचणीच्या दिशेने धरला.

*पत्ता कुणी दिला?*

साहेब खोकले.

टाचणी तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. "मी दिला," ती म्हणाली. "पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. मी पुठ्ठा वाचला नाही. मीच म्हटलं होतं पुठ्ठे नकोत म्हणून."

 बाईने डावा हात उचलला आणि टाचणीच्या थोबाडीत मारली. जोर नव्हता तेवढा. नर्स पुढे झाली, तिला टाचणीने मोकळ्या हाताने थांबवलं. गाल पेटला होता आणि तो पेटलेला असावा असंच तिला वाटत होतं.

चाकाची खाट हलायला लागली. पोर आईच्या दंडाला चिकटली होती, सुटेना. बाईने खोलीतल्या माणसांवरून नजर फिरवली: नर्स, साहेब, अर्धवट गुंगीत असलेले काका. मग तिने पोरीला दंडावरून सोडवलं आणि टाचणीच्या मांडीवर ढकललं.

बाई तीन तासांनी परत आली. तोवर टाचणी हलली नाही. पोर झोपली तेव्हा तिच्या नाकाखाली बोट धरून बसली.

पाचव्या दिवशी, हाताला प्लास्टर आणि गालावर काहीच नाही, अशी टाचणी तळघरात उतरली. दाभणकाका डोक्याला पट्टी बांधून आधीच पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसले होते. साहेबांनी सुट्टी दिली होती दोघांनाही. कुणी घेतली नव्हती.

"किती आहेत?"

"अकराशे चाळीस. सरळ करून बघायचेत सगळे. तू एका हाताने कर, मी एका डोळ्याने करतो; दुसरा पट्टीखाली गेलाय."

ते पुठ्ठे उलटत गेले. एकेक. चार हजार सहाशे बारा तिसऱ्याच गठ्ठ्यात निघाला, लाल पट्टी जिथल्या तिथे, कोपरासुद्धा उचकटलेला नाही. टाचणीने तो मांडीवर ठेवला आणि पुढचे उलटायला घेतले. संध्याकाळपर्यंत लाल पट्टीचे एकतीस निघाले.

प्रत्येक नोंदीवर तिने संगणकात कुलूप घातलं; पहिलं पान उघडलं तर आता पडदाभर लाल अक्षरं यायची आणि छपाई होत नव्हती. मग प्रती कुणाकुणाला गेल्या त्याची यादी काढली. एकतीसपैकी दोन नोंदी छापल्या गेल्या होत्या. एक चार हजार सहाशे बारा. दुसरी गेल्या मंगळवारी, खिडकीवर मावशी असताना.

काकांनी यादी बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि फोन तिच्या चांगल्या हाताकडे सरकवला. पोलिसांचा नंबर त्यांनी स्वतःच्या फोनवर आधीच लावला होता.

टाचणीने दुसऱ्या नोंदीतला नंबर लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा उचलला. पलीकडे लहान मूल काहीतरी गुणगुणत होतं.

"कोण?" बाईचा आवाज. दबका.

"मुलांच्या दवाखान्यातून बोलतेय. रेकॉर्डच्या खोलीतून."

मूल गप्प झालं. कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला असावा. "का? काय झालं?"

"सगळं सांगते," टाचणी म्हणाली. "फोन बंद करू नका. आधी दाराची कडी लावलीय का ते बघून या."